पाऊस बदलला की डोंगर उठला? मातीला विचारा

न्यू जर्सीत राहून ओक ट्री रोड माहीत नाही असा मराठी माणूस विरळाच. एडिसन आणि आयझेलिनच्या मधला हा रस्ता. श्रावणघेवडा, पडवळ, चक्कीचं पीठ, दिवाळीचा आकाशकंदील, सगळं इथे मिळतं. पण याच रस्त्याच्या आसपासच्या जमिनीला आपण येण्याच्या कितीतरी आधी मोठा भाव होता आणि तो होता तिच्या पोटातल्या चिकणमातीला. वुडब्रिज, सेअरव्हिल, पर्थ अॅम्बॉय ही सगळी एकेकाळची माती खणणारी, विटा भाजणारी गावं. वुडब्रिजची माती भट्टीच्या आतल्या विटांसाठी नावाजलेली होती, कारण ती प्रचंड उष्णतेतही वितळत नसे. मॅनहॅटनमधल्या १९१३ च्या वूलवर्थ इमारतीवरचं नक्षीदार टेराकोटा ज्या अटलांटिक टेराकोटा कंपनीनं बनवलं, तिचा कारखाना पर्थ अॅम्बॉयलाही होता.

ही माती भट्टीत टिकते याचं कारण तिच्यात केओलिनाइट नावाचं खनिज भरपूर आहे. आणि हे केओलिनाइट सहसा उष्ण, भरपूर पावसाच्या हवेत तयार होतं. आता डिसेंबरात गाडीवरचं बर्फ खरवडणाऱ्या आपल्यासारख्यांनी विचार करावा, की न्यू जर्सीत अशी माती आली कुठून? उत्तर असं, की ती साचली सुमारे ९ ते १० कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरच्या काळात. तेव्हा इथली हवा उबदार आणि दमट होती. पश्चिमेकडच्या अॅपलाचियन डोंगररांगांचे दगड त्या हवेत कुजले आणि नद्यांनी ती माती आणून इथे पसरली. म्हणजे ओक ट्री रोडच्या परिसरात जमिनीखाली एका जुन्या हवामानाची वहीच पुरलेली आहे.

अशा वह्या वाचायला मदत करणं हे माझं काम. गेली अठरा वर्षं मी इथल्या एका प्रयोगशाळेत मातीचे नमुने तयार करून एक्स-रे यंत्रात घालते. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, "काय करता तुम्ही?" आणि मी म्हटलं, "चिकणमाती तपासते," की समोरचा क्षणभर थांबतो आणि मग म्हणतो, "म्हणजे आयटीत नाही का?" नाही हो, आयटीत नाही. पण कामात मजा आहे आणि ती आज तुम्हाला सांगावी म्हणून हा लेखप्रपंच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. चिकणमाती म्हणजे नुसता दगडाचा बारीक चुरा नव्हे. दगडावर पाऊस पडतो, त्यातले काही घटक पाण्याबरोबर वाहून जातात, उरलेले एकमेकांशी नव्यानं जोडले जातात आणि नवी खनिजं जन्माला येतात. हे कण इतके बारीक असतात, की मिलिमीटरच्या पाचशेव्या भागापेक्षाही लहान. आमच्या कामात मुख्यतः चौघांशी गाठ पडते. केओलिनाइट, स्मेक्टाइट, इलाइट आणि क्लोराइट. यातल्या काहींची नावं गावांवरून, प्रांतांवरून पडलेली आहेत. केओलिन हे चीनमधल्या काओलिंग गावावरून, इलाइट इलिनॉय राज्यावरून आणि स्मेक्टाइटच्या कुटुंबातलं माँटमोरिलोनाइट फ्रान्समधल्या माँटमोरियाँ गावावरून. सगळी आपल्यासारखीच, गावाचं नाव घेऊन जगभर पसरलेली मंडळी!

त्यांचे स्वभाव समजून घ्यायला आपल्या महाराष्ट्रासारखी शाळा नाही. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. सह्याद्रीच्या अलीकडे पलीकडे दगड तोच. पण सोलापूरला वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. बाकी वर्ष कोरडं. तिथे दगडातली सगळी खनिजद्रव्यं धुऊन जात नाहीत. मग तयार होतं स्मेक्टाइट आणि त्याची होते आपली काळी जमीन. स्मेक्टाइटच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं, ते फुगतं. उन्हाळ्यात वाळतं, आक्रसतं आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगा पडलेल्या रानातून अनवाणी चाललेल्या कुणालाही हे खनिज वेगळं शिकवावं लागत नाही. इथे अमेरिकेत घरी मांजर असेल, तर त्याच्या डब्यात घालायची जी गोळा होणारी माती मिळते, ती याच कुळातली.

आता घाट उतरून कोकणात या किंवा महाबळेश्वरच्या पठारावर चढा, जिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. इथे पाणी दगडातलं चुना, मॅग्नेशियम, सिलिका असं सगळं ओढून नेतं. मागे राहतं ते लोह आणि अॅल्युमिनियम. तो आपला तांबडा जांभा आणि त्याच्यातलं केओलिनाइट. ते फुगत नाही, आक्रसत नाही, म्हणून जांभ्याच्या चिऱ्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी राहतात. अर्थात जांभा काही शंभर-दोनशे वर्षांत झालेला नाही. तो बनायला लाखो वर्षांचा पाऊस लागतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

उरले दोघे. इलाइट आणि क्लोराइट हे दगडाचे सख्खे भाऊ म्हणा ना. थंड हवेत, किंवा उभ्या कड्यांवर, जिथे दगड फुटतो आणि त्याच्यावर पावसाचा रासायनिक परिणाम व्हायच्या आत नदी त्याला उचलून नेते, तिथे हे जास्त सापडतात. हिमालय म्हणजे यांचं माहेर.

हे चौघे ओळखायचे कसे? डोळ्यांना तर सगळा चिखलच दिसतो. आम्ही नमुना पाण्यात ढवळून ठेवतो. जाड कण आधी तळाला बसतात, बारीक कण तरंगत राहतात. ठरावीक वेळानं वरचं पाणी काढून घेतलं, की चिकणमाती तेवढी हाती लागते. ती काचपट्टीवर पसरायची, वाळवायची आणि यंत्रात एक्स-रे सोडायचे. किरण ज्या कोनात परत येतात, त्यावरून पापुद्र्यांमधलं अंतर कळतं. मग तीच काचपट्टी रात्रभर ग्लायकॉलच्या वाफेत ठेवायची. गाडीच्या रेडिएटरमध्ये आपण जे घालतो, तेच हे ग्लायकॉल. स्मेक्टाइट ते पितं आणि फुगतं. इलाइट मख्ख बसून राहतं. शेवटी काचपट्टी ५५० अंश सेल्सिअसला तापवायची. आता केओलिनाइटची खूण नाहीशी होते. कुणाला काय पचत नाही यावरून पाहुणा ओळखावा, तसाच हा प्रकार.

एवढं कळलं, की पुढचं काम सोपं वाटतं. समुद्राच्या तळाशी लाखो वर्षं थरावर थर साचत आलेले असतात. त्यात नळी घालून गाभा काढायचा, थर मोजायचे. केओलिनाइट वाढलं, म्हणजे हवा उष्ण आणि ओली. स्मेक्टाइट वाढलं, तर कधी पाऊस, कधी कोरडं. इलाइट-क्लोराइट वाढलं, तर थंडी. मीही पहिली दोन वर्षं मनातल्या मनात अशीच उत्तरं मांडायचे. पण एक अडचण आहे. डोंगर उठला, तरीही इलाइट वाढतंच! उतार तीव्र होतो, दगड ताजा ताजाच वाहून जातो. म्हणजे खाली समुद्रात बसलेल्या आपल्याला एकच खूण दिसते आणि तिची कारणं दोन असू शकतात. पाऊस बदलला की डोंगर उठला?

त्यात आणखी भानगडी आहेत. ज्वालामुखीची राख समुद्रात पडून कालांतरानं तिचंही स्मेक्टाइट होतं. मग ते हवामानाचं नव्हे, तर स्फोटाचं टिपण ठरतं. आणि थर खूप खोल गाडला गेला, तापला, की स्मेक्टाइटचं हळूहळू इलाइट होत जातं. ही गोष्ट जमीन किती खचली, किती तापली हे सांगायला उपयोगी पडते, खनिज तेल शोधणारे तिचा आधार घेतात. पण जुन्या पावसाची नोंद मात्र त्यात पुसली जाते.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपल्या बंगालच्या उपसागराचं आहे. गंगा आणि ब्रह्मपुत्रा हिमालय कोरून जो गाळ आणतात, तो समुद्राखाली हजारो किलोमीटर पसरलेला आहे. १९८७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय मोहिमेनं श्रीलंकेच्या दक्षिणेला, विषुववृत्ताजवळ त्या गाळात भोकं पाडली. सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीपर्यंतचे थर इलाइट आणि क्लोराइटनं भरलेले, म्हणजे खास हिमालयी. आणि मग अचानक चित्र पालटतं. गाळ बारीक होतो, स्मेक्टाइट आणि केओलिनाइट वाढतं आणि हे सुमारे १० लाख वर्षांपूर्वीपर्यंत तसंच चालतं. मग पुन्हा इलाइटचं राज्य.

काय झालं असावं? हिमालयाचं उठणं मंदावलं? मान्सून बदलला? की गाळ गंगेच्या मैदानात जास्त काळ रेंगाळला आणि तिथेच त्याची नवी माती झाली? या प्रश्नावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. पश्चिमेकडच्या बाजूनं उत्तर शोधायला २०१५ मध्ये अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यातही गाभे काढले गेले. जॉइडेस रेझोल्यूशन या जहाजावरच्या त्या मोहिमेत गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राचा मोठा वाटा होता. तिथे आपल्या ओळखीचे पुन्हा भेटतात. सिंधू नदी आणते ते इलाइट आणि क्लोराइट, तर नर्मदा-तापी आणतात ते दख्खनचं स्मेक्टाइट. कोणत्या थरात कुणाचा वाटा किती, यावरून कोणत्या काळात कोणती नदी जोरात होती हे ताडता येतं.

आता पुन्हा आपल्या न्यू जर्सीत येऊ. एडिसनच्या शेजारी पिस्कॅटवेला रटगर्स विद्यापीठाचं गाभ्यांचं कोठार आहे. फळ्यांवर ओळीनं खोकी, खोक्यांत मातीच्या लांबच लांब कांड्या. त्यात राज्याच्या दक्षिण भागातल्या बास रिव्हर या ठिकाणी १९९६ मध्ये काढलेला गाभाही आहे. त्यात ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा एक थर लागतो. त्याच्या खाली हिरवट वाळू आणि मग एकदम गुळगुळीत चिकणमाती. किनारपट्टीवर काही ठिकाणी ती दहा मीटरहून जाड आहे. तेव्हा तो भाग उथळ समुद्राखाली होता. आणि तेव्हाच पृथ्वीवर एक मोठी घटना घडली. हवेत प्रचंड कार्बन मिसळला आणि जगाचं सरासरी तापमान काही हजार वर्षांत पाच-सहा अंशांनी वाढलं. ते पुन्हा उतरायला दीड-दोन लाख वर्षं गेली.

त्या थरात केओलिनाइट एकदम वाढलेलं आहे. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा अर्थ सरळ वाटला. हवा तापली, पाऊस वाढला, दगड भराभर कुजला, केओलिनाइट तयार झालं. पण आता तो जांभ्याचा मुद्दा आठवा. अशी माती बनायला खूप काळ लागतो. काहींच्या मते दहा लाख वर्षांच्या घरात. आणि इथे तर ती जणू एका झटक्यात आलेली. मग आली कुठून? त्या कणांमधल्या ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण मोजलं, की तो कण कोणत्या हवेत, कोणत्या पाण्यात जन्मला याचा अंदाज येतो. तसं मोजल्यावर निष्कर्ष निघाला, की हे केओलिनाइट त्या तापाच्या काळात नव्यानं बनलेलंच नव्हे. ते डायनोसॉरच्या काळातलं जुनं, म्हणजे वुडब्रिजच्या मातीच्या पिढीतलं. हवा तापली तेव्हा पाऊस मुसळधार झाला आणि कोट्यवधी वर्षं जमिनीवर पडून असलेली जुनी माती खरवडून समुद्रात घेऊन गेला.

मला हा निष्कर्ष सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. आधी वाटलं होतं, की थर सांगतोय, "गरमीनं माती तयार केली." तो खरं तर सांगत होता, "गरमीनं माती धुऊन नेली." आणि तेव्हा जे हजारो वर्षांत घडलं, तितक्याच दिशेनं आपण दोन-अडीचशे वर्षांत निघालो आहोत. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस इथे पडला तेव्हा बाउंड ब्रूक, मॅनव्हिल या गावांत रॅरिटन नदी घरांत शिरली होती. पुढचे कित्येक दिवस तिचं पाणी चहासारखं दिसत होतं. त्या चहात काय काय वाहून चाललं होतं, हे माझ्यासारखीला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

पण हे सगळं मला खऱ्या अर्थानं कळलं ते गेल्या वर्षी. आमचं गाव मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठाला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तो तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. माझा धाकटा भाऊ तिथे शेती करतो. माणसं, जनावरं वाचली. पण नदीलगतच्या दोन एकरांतली वरची माती गेली. व्हिडिओ कॉलवर त्यानं मोबाइल फिरवून दाखवलं. जिथे आम्ही लहानपणी ज्वारीच्या ताटांत लपायचो, तिथे खालचा मुरूम उघडा पडलेला. पंचनाम्यात त्याला शब्द आहे, 'खरवडून गेलेली जमीन'. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "अक्का, तू एवढी मातीतली शिकलेली. ही माती परत व्हायला किती वर्षं लागतील गं?"

इतक्या वर्षांत मला कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी खोटं सांगू शकले नाही. म्हटलं, "बोटभर जाडीची माती व्हायलाच शेकडो वर्षं लागतात रे. दोन फुटांचं म्हणशील, तर आपल्या कुणाच्या हिशेबात बसणार नाही." तो म्हणाला, "मग गेली ती गेली." ती माती सीनेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे निघाली. वाटेत धरणांत अडकेल, काठांवर बसेल, थोडी समुद्रात पोचेल. आणखी काही लाख वर्षांनी कुणी तिथे नळी घातली, तर त्याला या थरात स्मेक्टाइट थोडं जास्त दिसेल. तो विचार करेल, पाऊस बदलला की डोंगर उठला? त्या दोन एकरांच्या मालकाचं काय झालं, हे काही त्याला दिसणार नाही.

दोन दिवस माझं कामात लक्ष लागलं नाही. मग मीच त्याला फोन केला. नवी माती बनवता येत नाही हे खरं, पण आधी वाहून गेलेली कुठेतरी साचलेली असते ना? गावच्या पाझर तलावात वर्षानुवर्षांचा गाळ आहे. आपल्याकडे २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजनाच आहे. तलावातला गाळ काढायचा, तो शेतात पसरायचा. भाऊ म्हणाला, "गाळ कसला, नुसती वाळू निघाली तर? ट्रॅक्टरचं भाडं अंगावर यायचं."

मग आम्ही एक साधी परीक्षा केली. तुम्हीही करून पाहा, मुलांबरोबर तर नक्कीच. काचेच्या सरळ बरणीत एक तृतीयांश माती घ्यायची, वर पाणी भरायचं, झाकण लावून जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात तळाला बसते. त्याहून बारीक पोयटा दोन-चार तासांत. आणि चिकणमाती सगळ्यात शेवटी. ती दिवसभर, कधी त्याहून जास्त वेळ पाण्यात तरंगत राहते. आमच्या प्रयोगशाळेत तरी पहिली पायरी याहून वेगळी काय असते? भावानं लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घेतल्या. तलावाच्या तीन जागांवरचा गाळ आणून तिन्ही बरण्या देवघराच्या खिडकीत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो आला. सांडव्याजवळच्या बरणीत पाणी नितळ, तळाला वाळू. मधल्या भागातल्या दोन बरण्या अजून गढूळ होत्या. मी लिहिलं, मधला गाळ घे. नुसता पसरू नकोस, वाळला की त्याचा पापुद्रा धरतो आणि पाणी मुरत नाही. शेणखत मिसळ, बांध आधी नीट घाल, नाहीतर पुढच्या पावसात हाही जाईल. त्यानं अंगठा दाखवला.

उन्हाळ्यात तलाव आटला तेव्हा त्यानं आणि शेजारच्या चार-पाच जणांनी मिळून गाळ ओढला. दोन एकर पूर्वीसारखे झालेले नाहीत, होणारही नाहीत. पण मुरूम झाकला गेला आहे आणि एका तुकड्यावर त्यानं हुलगा टाकलाय. परवा फोनवर म्हणाला, "अक्का, जमिनीला भेगा पडायला लागल्यात बघ." लोकांना भेगा पाहून काळजी वाटते. आम्हा दोघांना मात्र बरं वाटलं.